साडूभाऊंचं ‘कमी करा’

एकाच फ्रीजमध्ये दोन थर्मामीटर ठेवले आणि दोघांनी वेगवेगळे आकडे दाखवले, तर सगळं जग त्यातला एक खोटा ठरवून मोकळं होतं. दोघंही खरं बोलतायत असं छातीठोकपणे सांगणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच असेल, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. नात्यानं आम्ही साडू. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो, तेही मला साडूभाऊच म्हणतात, त्यामुळे फोनवर कोण कोणाशी बोलतंय हे ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. ते माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे आहेत आणि माणूस म्हणून किती मोठे आहेत ते मला उशिरा कळलं. त्यांची गंमत सांगायला मला फार आवडतं. चारचौघांत मी ती पुष्कळ सांगितली आहे. मात्र तिचा शेवटचा भाग मी आजवर गाळत आलो, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही आणि त्यातला वाईट माणूस मी आहे.

साडूभाऊ राहतात म्हसळ्याला. आमच्याकडे नागावला यायचं म्हणजे दिघीपर्यंत एसटी, तिथून बोटीनं खाडी ओलांडून आगरदांडा, मग मुरूड, काशीद करत पुन्हा एसटी. एवढा प्रवास करून पाहुणा दारात आला की घरची बाई आधी पाण्याचा तांब्या पुढे करते. साडूभाऊ “जयभीम” म्हणत चपला काढायचे आणि तांब्याला वळसा घालून सरळ स्वयंपाकघरात शिरायचे. त्यांच्या हातात एक कापडी पिशवी असायची. लोक पाहुणे म्हणून जाताना फणस नेतात, आंबे नेतात, निदान बिस्किटाचा पुडा तरी नेतात. या पिशवीत जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेले पाच थर्मामीटर असायचे. ते फ्रीजमध्ये पाच ठिकाणी ठेवून, दार लावून, मनगटावरच्या घड्याळात बघून झालं, की मग ते बाहेर येऊन पाणी मागायचे आणि घरात सगळे बरे आहेत ना, याची चौकशी करायचे. माझी बायको म्हणायची, भावोजी आधी फ्रीजची नाडी बघतात, मग माणसांची.

त्यांची सगळी नोकरी सरकारी दूध शीतकरण केंद्रात गेली. दर दोन तासांनी टाकीतल्या दुधाचं तापमान वहीत उतरवायचं, हे त्यांचं काम. टाकीतलं ढवळणारं पातं बंद असलं की वरचं दूध एक आकडा सांगतं आणि तळाचं दुसरा, हा शोध त्यांना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात लागला. बाकीचे सोयीचा आकडा लिहायचे. यांनी वहीत उभ्या रेघा मारून तीन रकाने केले: वर, मध्ये, तळाशी. साहेब तपासणीला आले तेव्हा म्हणाले, मला एकच आकडा द्या. साडूभाऊ म्हणाले, “साहेब, दूध एक असलं तरी जागा तीन आहेत.” त्यानंतर त्यांना बढती मिळाली नाही, हे ते अजिबात खंत न करता सांगतात. त्या वहीतलं एक पान त्यांनी आठवण म्हणून जपून ठेवलंय आणि त्यांच्या लग्नाचा फोटो कुठे आहे हे मात्र घरात कोणाला ठाऊक नाही.

त्या पाच थर्मामीटरांची त्यांना घरच्या माणसांसारखी पारख होती. महिन्यातून एकदा बर्फाचा चुरा आणि पाणी एका पातेल्यात कालवून ते पाचही त्यात बुडवून ठेवायचे. बर्फाच्या गाऱ्यात सगळ्यांनी शून्य दाखवायला हवं. कोणीच धड दाखवायचा नाही. मग ते प्रत्येकाची खोड कागदावर लिहायचे: हा अर्ध्या अंशानं वर बोलतो, हा एकानं खाली, हा आळशी आहे, दहा मिनिटं घेतो. एकदा मी म्हणालो, जो खोटं बोलतो तो टाकून द्या. ते दुखावले. म्हणाले, खोटं नाही, त्याची सवय आहे, आणि सवय कळली की माणूस चालतो. माझ्या धाकट्या मेव्हण्यानं मला नंतर बाजूला घेऊन विचारलं, की ते नक्की थर्मामीटरबद्दलच बोलत होते का.

टीव्हीवर अलिबागचं तापमान चौतीस सांगितलं की ते उठून आमच्या अंगणात जायचे, माडाखाली एक, पडवीत एक, बाथरूमच्या पत्र्यावर एक असे थर्मामीटर ठेवायचे, आणि टीव्हीतल्या मुलीचा आकडा तिच्या जागी बरोबर असला तरी आपल्या पत्र्यावर माणूस भाजेल, असं जाहीर करायचे. नातवाला ताप आला आणि सुनेनं शंभर म्हणून सांगितलं, तर यांचा प्रश्न तयार: काखेत की तोंडात? म्हसळ्याच्या एका औषधाच्या दुकानात त्यांनी नुसतं एवढंच विचारलं होतं, की इन्सुलिनच्या फ्रीजमधला थर्मामीटर दारात का लटकवलाय, इन्सुलिन तर मागच्या कप्प्यात आहे. दुकानदाराला वाटलं तपासनीस आले. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, थर्मामीटर मागच्या कप्प्यात हलवला आणि पुढं वर्षभर त्यांना पाहिलं की तो उभा राहायचा. साडूभाऊंना वाटायचं, भला माणूस आहे, ज्येष्ठ नागरिकांचा मान ठेवतो.

फ्रीजमधली हवा चंचल असते, दार उघडलं की तिचा आकडा पळतो, पण आत ठेवलेली वस्तू इतक्यात तापत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एक थर्मामीटर ते मिठाच्या पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवायचे, म्हणजे तो वस्तूसारखा सावकाश बोलेल. मीठ अशासाठी की फ्रीजरमध्येही पाणी गोठू नये. एकदा त्यांनी थर्मामीटर काढून घेतला आणि बाटली आमच्या फ्रीजमध्ये विसरली. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं ती उघडून तोंडाला लावली. सभ्य गृहस्थ होता. गिळलं आणि विचारलं, इथं किनाऱ्यावर पाणी असंच लागतं का. मी हो म्हणून टाकलं. त्या वेळी मी असं सहज खोटं बोलायचो आणि त्यावर पुढे हसूनही घ्यायचो.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. नागावला माडांच्या वाडीत आमच्या पाच खोल्या आहेत, शनिवार-रविवारी पाहुणे येतात, आणि त्यांना मासे लागतात. म्हणून मी एक मोठा, वरून झाकण उघडणारा डीप फ्रीजर घेतला. त्याच्या अंगावर आकडा दिसायची खिडकी होती आणि तिच्यात लाल अक्षरांत वजा अठरा चमकायचं. मला त्या आकड्याचा फार अभिमान. पाहुण्यांना वाडी दाखवताना मी तोही दाखवायचो. साडूभाऊ आले, त्यांनी पाच थर्मामीटर पाच ठिकाणी ठेवले, अर्ध्या तासानं झाकण उघडून वाचले. तळाशी वजा सोळा. मध्ये वजा तेरा. वरच्या टोपलीत वजा नऊ. झाकणाखाली वजा पाच. पाचवा त्यांनी खिडकीच्या आकड्याशी जुळवायला थेट आतल्या भिंतीला टेकवला होता, तिथं वजा अठरा. मी चिडून विचारलं, यातला खरा कुठला?

“पाचही,” साडूभाऊ म्हणाले. “तुम्ही मासे कुठं ठेवता ते सांगा.”

मग त्यांनी मला शेजारी बसवून समजावलं. खिडकीतला आकडा ज्या सेन्सरचा, तो भिंतीला चिकटून बसलाय, आणि गार नळ्या त्याच भिंतीत आहेत. चुलीपुढे बसलेल्या माणसाला घरात थंडी आहे का असं विचारण्यासारखं हे आहे. गार हवा जड, ती तळाशी बसते. वर टोपलीत तुम्ही मासे कोंबलेत, हवा फिरायला जागा नाही, त्यात पाहुण्यांना बर्फ द्यायला दिवसातून पन्नासदा झाकण उघडतं. मी मान डोलवत होतो आणि मनात म्हणत होतो, या माणसाला कोणी बोलायला मिळत नाही वाटतं म्हसळ्याला. मासे मी वरच्या टोपलीतच ठेवत राहिलो. वाकायला नको म्हणून.

गेल्या वर्षी माझ्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी पनवेलची. व्याही मंडळी घर बघायला, जेवायला यायची होती, वीस-बावीस माणसं, जूनच्या दुसऱ्या रविवारी. त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, ताजा मासा मिळायचा नाही, म्हणून मे संपायच्या आत मी सुरमई आणि हलवा घेऊन ठेवला. अर्थात वरच्या टोपलीत. साडूभाऊंना बायकोनं निमंत्रणाचा फोन केला तेव्हा त्यांनी पहिली चौकशी माशांची केली आणि फोन मला द्यायला सांगितलं. जेवणाला आठ दिवस होते. फाटकात पाहुण्यांच्या दोन गाड्या येऊन उभ्या होत्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. साडूभाऊ म्हणाले, वरच्या टोपलीतलं तापमान अजून पाच-सहा अंशांनी कमी करा साडूभाऊ, आणि त्यासाठी ते बटण... मी म्हणालो, हो हो, कमी करतो, आणि फोन ठेवला. बटणाचं वाक्य त्यांच्याकडेच राहिलं.

स्वयंपाकघरात मंदाताई होती. आमच्याकडे स्वयंपाक करते, शेजारच्याच आळीतली. मी जाता जाता तिला म्हणालो, डीप फ्रीजर कमी कर गं. आता तुमच्याही घरात बघा, फ्रीज कमी कर म्हटलं की माणूस काय करतो? बटणावरचा आकडा कमी करतो, म्हणजे गारवा कमी. फ्रीज वाढव म्हणजे गारवा वाढव. घराघरांत हीच भाषा आहे. तीस वर्षं दुधाच्या टाकीशेजारी काढलेल्या माणसाची भाषा तेवढी उलटी. तो तापमानाविषयी बोलतो, आपण बटणाविषयी. मंदाताईनं बटण पाचावरून दोनावर आणलं आणि पुन्हा भाकऱ्या थापायला बसली.

नंतरच्या आठ दिवसांत मी त्या खिडकीकडे पाहिलं नाही असं नाही. वजा दहा दिसत होतं. वजा आहे ना, मग झालं, असं मला वाटलं. शाळेत वजाबाकीला घाबरणाऱ्या माणसाचा हा हिशेब. भिंतीला वजा दहा म्हणजे वरच्या टोपलीत जेमतेम वजा एक, हे मनातही आलं नाही. त्यात दोनदा वीज गेली, त्यात शाळा उघडायच्या आधीची गर्दी म्हणून पाहुणे आले आणि बर्फ, आइस्क्रीम, बाटल्या काढायला झाकण सारखं वर-खाली होत राहिलं.

रविवारी सकाळी व्याही मंडळी पडवीत चहा घेत होती आणि मंदाताईनं झाकण उघडलं. वास पडवीपर्यंत आला. व्याह्यांचे थोरले भाऊ, जरा आढ्यतेखोर गृहस्थ, उठून आत आले आणि म्हणाले, अहो, फोनवर तुम्ही तर वजा अठरा वगैरे सांगत होता. मागोमाग चार माणसं आली. मंदाताई हातात लिबलिबीत सुरमई घेऊन उभी. माझी बायको माझ्याकडे बघतेय, मुलगा खाली बघतोय. आणि साडूभाऊ नेमके तेव्हाच पोचले, पिशवी काखोटीला, चपला काढून आत येत.

मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी आपणहून बोललो. त्यांच्याकडे बोट केलं आणि हसून म्हणालो, “या आमच्या साडूभाऊंनीच सांगितलं होतं कमी करा म्हणून. तीस वर्षं दूध गार केलंय म्हणे.” सगळे हसले. व्याह्यांचे भाऊ म्हणाले, सरकारी दूध का पातळ असतं ते आत्ता कळलं. त्यावर आणखी हसले. मीही हसलो.

साडूभाऊंनी फ्रीजरजवळ जाऊन वाकून बटण पाहिलं. ते दोनावर होतं. त्यांनी एकदा मंदाताईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यांना एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. पण तो शब्द त्यांचा होता हे खरं होतं, आणि खऱ्याला नाही म्हणायची त्यांना सवय नाही.

“हो,” ते म्हणाले. “कमी करा असं मी म्हणालो होतो.”

मग त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली, बाह्या वर सारल्या आणि मंदाताईबरोबर अंडी सोलायला बसले. व्याही मंडळी त्या दिवशी अंड्याचं कालवण आणि भरली वांगी जेवली आणि पोटभर जेवली. लग्न मोडलं नाही, कोणाचं पोटही बिघडलं नाही. बिघडलं ते एवढंच, की पनवेलकरांनी साडूभाऊंचं नाव वजा अठरा ठेवलं. दोन महिन्यांनी लग्न झालं, तेव्हा मांडवात पोरंसोरंही त्यांना त्याच नावानं हाक मारत होती. साडूभाऊ नवी पँट घालून आले होते आणि त्यांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. पिशवी नव्हती. हॉलमध्ये आइस्क्रीमचा भला मोठा फ्रीजर ठेवला होता, त्याच्या शेजारून ते सरळ चालत गेले. माझ्या ते लक्षात आलं, तरी मी व्याह्यांच्या पानावर आग्रहानं जिलबी वाढत राहिलो.

मला वाटत होतं की खरी गोष्ट फक्त मला माहीत आहे. ते ओझं मी कसंबसं वागवलं असतं, माणूस वागवतो. पण दिवाळीच्या सुमारास मंदाताई भांडी विसळता विसळता म्हणाली, “दादा, तुमचे साडू आता येत न्हायत, व्हय ना?” मी म्हणालो, कामात असतील. तिनं नळ बंद केला. “मी त्यांना त्याच दिवशी सांगितला होता. अंडी सोलताना. बटन मी फिरवला, दादांनी सांगितला म्हनून. मला रडू येत होता. तर ते मला म्हनतात, तुझी चूक न्हाय, शब्दाची हाय. आनि कोनाला बोलू नको, पोराचा लगीन हाय.” एवढं सांगून तिनं पुन्हा नळ सोडला आणि माझ्याकडे पाठ केली.

म्हणजे त्यांना पहिल्या तासापासून सगळं माहीत होतं. बावीस माणसांत मी खोटा पडू नये म्हणून ते गप्प बसले होते, आणि मी मांडवात त्यांच्या नवीन नावाला हसत होतो. लाज ही काय चीज असते ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. जेवताना, दात घासताना, पाहुण्यांना खोलीची चावी देताना, कधीही ते ‘हो, कमी करा असं मी म्हणालो होतो’ कानात यायचं. शेवटी एका मंगळवारी, पाहुणे नसताना, मी बायकोला फक्त काम आहे म्हणून सांगितलं आणि आगरदांड्याहून बोटीनं पलीकडे गेलो. बोटीवर मी काय बोलायचं त्याची तीनदा तयारी केली.

साडूभाऊ घरी एकटेच होते. त्यांनी चहा केला, आलं जास्त घातलं. मी कपाला हात न लावता सगळं सांगितलं. फोन अर्ध्यात ठेवला, तुमचं वाक्य पुरं ऐकलं नाही, मंदाताईला मीच अर्धवट सांगितलं, आणि तोंड वाचवायला तुमचं नाव घेतलं. माझा आवाज कापत होता आणि मीच तो मुद्दाम कापवतोय असंही मला वाटत होतं. साडूभाऊ सगळं ऐकून घेत होते. मध्ये त्यांनी बशीनं कप झाकला, थंड होऊ नये म्हणून. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं,

“साडूभाऊ, तेव्हा तुम्ही ते कुठं म्हणालात?”

“आमच्या घरी. सगळ्यांसमोर.”

“मग हे इथं येऊन का सांगताय?”

त्यात राग नव्हता. टोमणा तर त्यांना येतच नाही. त्यांना खरोखर कळत नव्हतं, एवढंच. ते म्हणाले, मला तर सगळं माहीतच होतं, मला सांगून काय बदलणार, चहा घ्या. मग त्यांनी मला स्टँडपर्यंत सोडलं, एसटीत खिडकीची जागा मिळते का ते वाकून पाहिलं आणि बस हलेपर्यंत उभे राहिले.

या गोष्टीला आता चार महिने झाले. पनवेलकर मधे दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा थोरल्या भावांनी विचारलं, काय, तुमचे वजा अठरा काय म्हणतात? दोन्ही वेळा मी आता सांगतो असं मनाशी म्हणालो आणि दोन्ही वेळा म्हणालो, मजेत आहेत. सुनेला खरं सांगू का, मुलाला सांगू का, असंही झालं, पण तेही पुन्हा एकेकाला गाठून कोपऱ्यात सांगणंच झालं असतं. येत्या रविवारी सुनेचं सातव्या महिन्याचं डोहाळजेवण आहे. पनवेलची तीच सगळी मंडळी येतील, थोरले भाऊही. मी म्हसळ्याला फोन करून साडूभाऊंना बोलावलं. त्यांनी येतो म्हटलं. काय बोलणार आहे ते मी त्यांना सांगितलेलं नाही. दोन वाक्यं आहेत फक्त, मला पाठ झालीत, आणि तरीही रविवार लांबणीवर पडला तर बरं, असं अजून मनात येतं.